पुण्यातले मुरलेले फ्रीलान्स वेब डेव्हलपर: ओळख द्या, यादी नको

अर्धविराम · सोमवार, रात्री १०:४२

मागच्या आठवड्यात टिळक रोडवर एका प्रकाशकांकडे गेले होते. त्यांची जुनी साइट नव्याने करायची होती. प्रकाशक सत्तरीच्या पुढचे, टेबलावर प्रुफांचे गठ्ठे. मी आधी पाठवलेलं माझं प्रोफाइल त्यांनी चक्क छापून घेतलं होतं आणि लाल पेनने त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या. (एक ऱ्हस्व-दीर्घाची होती. कान पकडले.) सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, “बाई, एचटीएमएल, सीएसएस, पीएचपी, लारावेल, रिॲक्ट, सगळं छान आहे. पण तुम्ही करता काय?”

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तीच यादी पुन्हा बाहेर पडली, मधे मधे ‘यात काम करते’ घालून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “छापखानेवाला येतो तेव्हा यंत्र कुठल्या कंपनीचं ते मी विचारत नाही. छापलेला फॉर्म चुकला तर पुन्हा छापून देणार का, ते विचारतो.”

काम मिळालं, तो भाग वेगळा. पण घरी येऊन ते प्रोफाइल वाचलं तर वरचं नाव बदलून कर्वेनगरातल्या कुठल्याही डेव्हलपरच्या हातात देता आलं असतं.

म्हणून हा धागा. या धंद्यात आठ-दहा वर्षं काढलेल्यांनी इथे आपली ओळख लिहावी. कुठून आलात, कसली कामं केलीत, हातून काय बिघडलं, कुठलं काम घेत नाही. तंत्रांची नावं ओघात आली तर येऊ देत. फोन नंबर आणि ईमेल इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) आहे.

माझ्यापासून सुरुवात करते.

शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. २००८ ला हिंजवडीत लागले. ते मंदीचं वर्ष ज्यांना आठवतं त्यांना पुढचं सांगायला नको: आठ महिने बेंचवर, म्हणजे नोकरीत पण कामाविना. त्या रिकाम्या वेळात पीएचपी ही साइट बनवायची भाषा शिकले. २०१३ ला नोकरी सोडली आणि दोन वर्षं पडेल ते केलं: क्लासेसच्या साइट, मंगल कार्यालयांच्या, मोडी शिकवणाऱ्या एका काकांची. मग एका मासिकाचं काम आलं आणि मी तिथेच रुतले.

मासिकाचे पंधरा वर्षांचे अंक श्री-लिपी या जुन्या मराठी फाँटांत होते. जुन्या फाँटांत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, उलट. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाँटात म च्या नंतर, युनिकोडमध्ये र आधी. ‘मूर्ती’सारख्या शब्दात रफार आधी की वेलांटी आधी, हे टाइप करणाऱ्याच्या सवयीवर. त्या पंधरा वर्षांत मासिकात तीन टायपिस्ट होऊन गेले होते. काम संपत आलं तेव्हा नुसती फाइल उघडून ‘हा अंक कुणी टाइप केलाय’ ते मी सांगू शकत होते.

सगळ्यात जास्त छळलं ते र ने. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र चा पाय मोडून त्याच्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधायला गेलात की एक सापडतो, दुसरा नाही. ‘ॲ’चंही तेच. एक सबंध अक्षर आहे, २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेलं, आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेलं. संपादकांनी माझ्यासमोर ‘दऱ्या’ शोधलं. शून्य लेख. तो लेख त्यांच्या दुसऱ्या खिडकीत उघडा होता.

सूचीचा घोळ वेगळाच. मराठी कोशात ळ हा ह च्या नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडमध्ये ळ ल ला चिकटून बसलाय. नुसता क्रम लावलात तर ‘बळ’ ‘बस’च्या आधी येतं आणि संपादक तुमच्याकडे ‘शाळेत गेला होतात का’ अशा नजरेने बघतात. आयसीयू नावाच्या युनिकोडच्या तयार कोड-लायब्ररीत मराठीची स्वतंत्र क्रमवारी आहे. ती मागून घ्यावी लागते.

तर ओळख अशी: जुना मराठी मजकूर, कुठल्याही फाँटातला, शोधता येईल अशा रूपात वेबवर आणते आणि पुढे सांभाळते.

काय बिघडलं: पहिल्याच वर्षी एका ग्राहकाचा डेटाबेस हलवताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकीचा निवडला. चार हजार नोंदींची प्रश्नचिन्हं झाली. बॅकअप होता, पण तोही मीच घेतलेला, त्याच चुकीच्या सेटिंगने. शेवटी ग्राहकाच्या पुतण्याच्या पेन ड्राइव्हवर एक जुनी प्रत निघाली. तेव्हापासून बॅकअप घेतला की तो दुसऱ्या मशीनवर उघडून त्यातला एक मराठी शब्द डोळ्यांनी वाचल्याशिवाय झोपत नाही.

काय करत नाही: लोगो. कृपया विचारू नका.

टेकडीवरचा · मंगळवार, सकाळी ६:५५

वेताळ टेकडीवरून खाली आलोय, चहा होईपर्यंत लिहितो.

माझी २००१ पासूनची उठाठेव. बीएस्सी, मग सी-डॅकचा डॅक हा संगणकाचा डिप्लोमा. बरोबरचे सगळे नोकरीला लागून अमेरिकेत गेले. मी भोसरीत मामाच्या वर्कशॉपची साइट केली आणि तिथेच अडकलो. एमआयडीसीत एकाचं काम केलं की शेजारच्या गाळ्यातला बोलावतो. लेथवाले, गिअर कटिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले, सगळे झाले. तेव्हा पीएचपी ४ होतं, पानाची मांडणी टेबलात टेबल घालून करायची आणि इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये नीट दिसलं की पेढे वाटायचे. प्रत्येक मालकाला पहिल्या पानावर फिरणारा गिअर हवा असायचा. फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या तंत्रात करून द्यायचो. गिअर फिरायला लागला की चेक मिळायचा.

त्याच गिअरांनी नंतर मला पोसलं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला, १२ जानेवारी २०२१ पासून तो चालणंच बंद झालं. त्या आठवड्यात चाकणहून, भोसरीहून फोनवर फोन. “साइट पांढरी दिसते.” त्याआधी असाच हंगाम पीएचपी ७ ने दिला होता. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ते आलं आणि त्यात मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं काढूनच टाकली होती. होस्टिंगवाले दोन-तीन वर्षांनी एका रात्रीत सर्व्हर वर चढवायचे, सकाळी मालकाला पांढरं पान. इशाऱ्याचे मेल आलेले असत, पण ते ज्या पत्त्यावर जायचे तो पत्ता २००९ साली सोडून गेलेल्या अकाउंटंटचा.

तेव्हा माझी ओळख: दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या साइट सांभाळतो. नवीन क्वचित करतो.

पहिल्या दिवशी कोड बघतच नाही. आधी विचारतो, डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे? दहापैकी सहा मालकांना माहीत नसतं (हा माझ्या वहीतला हिशोब, जगाचा नाही). भाच्याच्या नावावर असतं आणि भाचा कॅनडात. किंवा ज्या डेव्हलपरने २०११ ला साइट केली त्याच्या ईमेलवर असतं, आणि तो आता रिअल इस्टेटमध्ये. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण होतं, ते किती दिवस हे रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीवर. मग तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ, तेव्हा दंड भरून परत मिळतं. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही. आणि मग ते बाजारात. एका हीट ट्रीटमेंटवाल्यांचं डोमेन असं गेलं आणि तिथे ऑनलाइन जुगाराची साइट आली. व्हिजिटिंग कार्डं नुकतीच पाच हजार छापली होती त्यांनी.

हातून बिघडलं ते पुष्कळ. एकच सांगतो. २००६ ला एफटीपीवर (सर्व्हरवर फाइली चढवायची सोय) चुकीच्या फोल्डरमध्ये ‘सगळं निवडा’ करून डिलीट दाबलं. दुसऱ्याच ग्राहकाची साइट गेली. त्याला चार दिवस कळलंच नाही, यावरून ती साइट किती लोक बघत होते ते मला कळलं. पाचव्या दिवशी मीच जाऊन सांगितलं.

चहा झाला.

पोहे_तयार · मंगळवार, सकाळी ९:१०

वाचतोय. माझी तीनच वर्षं झालीत त्यामुळे ओळख देत नाही, पण एक शंका. ‘फुल स्टॅक’, म्हणजे साइटची पुढची-मागची सगळी बाजू येते, असं लिहावं की नाही? सगळे लिहितात म्हणून मीही लिहिलंय.

टेकडीवरचा · मंगळवार, सकाळी ९:२५

अरे बाळा, लिही की. फक्त कुणी रात्री अकराला फोन करून ‘मेल स्पॅममध्ये जातायत’ म्हणालं तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) काय बघायचं ते ठाऊक असू दे. स्टॅक तिथपर्यंत जातो.

शिळी_पोळी · मंगळवार, दुपारी १:३०

धागाकर्तीशी असहमत.

यादीला एवढी नावं ठेवू नका. अपवर्कवर (फ्रीलान्स कामं मिळतात ती साइट) किंवा लिंक्डइनवर तुम्हाला माणूस नंतर वाचतो, आधी शोधयंत्र वाचतं. ‘जुना मराठी मजकूर शोधता येईल अशा रूपात आणते’ हे सुंदर वाक्य आहे, पण अमेरिकेत ऑस्टिनमधला कुणी हे वाक्य शोधत नाही. तो ‘रिॲक्ट, नोड, पोस्टग्रेस’ टाकतो. यादी नसेल तर मी त्याच्या पडद्यावर येतच नाही. तुमचे प्रकाशक टिळक रोडवर समोर बसतात. माझा ग्राहक मला आयुष्यात कधी भेटणार नाही.

माझी ओळख यादीनेच देतो: २०१२ पासून जावास्क्रिप्ट आणि तिची फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे. बॅकबोन, मग अँग्युलर, मग अँग्युलरने २०१६ ला स्वतःचं दुसरं रूप काढून पहिल्यावरच्या सगळ्यांना वाऱ्यावर सोडलं तेव्हा रिॲक्ट. प्रत्येक नावामागे दोन-तीन वर्षांचं आयुष्य आहे. यादी म्हणजे माझं चरित्रच आहे, तुम्हाला वाचता येत नाही त्याला मी काय करू.

अर्धविराम · मंगळवार, दुपारी ३:०५

शिपो, मुद्दा मान्य. यादी दाराशी लागते. पण बघा, तुम्ही स्वतःच ‘वाऱ्यावर सोडलं’ लिहिलंत तिथे मी थांबले. त्या वेळी हातात असलेल्या प्रोजेक्टचं काय केलंत?

शिळी_पोळी · मंगळवार, दुपारी ३:४०

बरं, सांगतो.

बाणेरमधल्या एका ग्राहकाचं गोदामाचं ॲप होतं, पहिल्या अँग्युलरवर. सगळं एकदम नव्याने लिहायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. मग एकेक पडदा काढून रिॲक्टमध्ये करत गेलो, दोन्ही एकाच पानात नांदवून. चौदा महिने ते ॲप अर्धं हे आणि अर्धं ते असं चाललं. गोदामातल्या पोरांना कळलंही नाही. फक्त एकाने विचारलं, “साहेब, हे बटण हल्ली जरा गोल झालंय का?”

हे प्रोफाइलवर कुठेच नाही माझ्या.

चहा_बिनसाखरेचा · मंगळवार, रात्री ११:१५

मुलं झोपली, आता लिहिते.

मी २००७ ते २०१४ मगरपट्ट्यात फ्रंट एंड (साइटची दिसणारी बाजू) केलं. मग सहा वर्षं घरी. प्रोफाइलमधली ही पोकळी कशी लिहायची याचे सल्ले खूप मिळाले: ‘स्वतंत्र सल्लागार’ लिही, ‘वैयक्तिक प्रकल्प’ लिही. मी लिहिलं ‘दोन मुली वाढवल्या’. एका ग्राहकाने त्यावरून नकार दिला, एकाने त्यावरूनच फोन केला.

परत आले तेव्हा जेक्वेरी या जुन्या तंत्राचं नाव काढलं की लोक हसत होते. नवीन फ्रेमवर्कच्या मागे धावण्यापेक्षा एका अंध शिक्षकांच्या संस्थेसाठी फुकट काम घेतलं. ते सर एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात. त्यांच्या शेजारी बसून मी केलेलं पान ऐकलं. मराठी मजकूर, पण पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली. संगणक शुद्ध इंग्रजी थाटात मराठी वाचायचा प्रयत्न करत होता. सर हसून म्हणाले, “आमच्याकडे सगळ्या मराठी साइट अशाच गोऱ्या साहेबासारख्या बोलतात.” एका ठिकाणी ‘एमआर’ हा मराठीचा संकेत लिहायचा होता, एवढीच दुरुस्ती. माझ्या आधीच्या सात वर्षांच्या नोकरीत मी ती ओळ एकदाही बदलली नव्हती.

त्याच ओळीमुळे आणखी एक होतं. काही देवनागरी फाँटांत भाषा मराठी सांगितली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाही तर हिंदीचे. पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हेच रूप आहे. शाळांसाठी काम करत असाल तर पहिलीच्या बाई हे लगेच पकडतात.

अजून दोन गोष्टी, कारण या मला रोज दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सीएसएसची ओळ देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका, ‘र्कीं’ची वरची बाजू कापली जाते. डिझायनरने फिग्मात (पानांचे आराखडे करायचं साधन) इंग्रजी मजकूर घालून सगळं ठरवलेलं असतं, मराठी शेवटच्या दिवशी येते, आणि मग बटणात ‘सबमिट’च्या जागी ‘अर्ज सादर करा’ मावत नाही म्हणून मला फोन येतो.

ओळख: कीबोर्डवर आणि कानावर चालणारी मराठी पानं करते. रात्री अकरानंतर उत्तर देते.

अर्धविराम · मंगळवार, रात्री ११:५०

“गोऱ्या साहेबासारख्या” 😂 उद्याच माझ्या सगळ्या साइट तपासते. भीती वाटतेय.

पुढचा_थांबा · बुधवार, सकाळी ८:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण एक सांगा, आता हे सगळं एआय करत नाही का? दोन वाक्यं लिहिली की साइट तयार.

टेकडीवरचा · बुधवार, सकाळी ८:३५

होते की. मग माझ्याकडे येते. परवा एक आली, दिसायला माझ्या आख्ख्या हयातीतल्या साइटपेक्षा देखणी. पेमेंट गेटवेची गुप्त की ब्राउझरमध्ये जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये उघडी पडलेली. म्हणजे तिजोरीची किल्ली शोकेसमध्ये. मी स्वतः एआय वापरतो, जुना कोड समजून घ्यायला फार बरं पडतं. या विषयाचे इथे अकरा धागे आहेत, तिकडे चला.

गुरुवारचे_पाणी · गुरुवार, दुपारी १२:१०

आज गुरुवार, लाइट नाही. इन्व्हर्टरवर लिहितोय, धनकवडी.

मी बॅक एंडवाला, म्हणजे साइटची न दिसणारी बाजू. २०१० ला ओडेस्कवर खातं काढलं, तेव्हा ते नाव होतं. नंतर त्यांचं आणि इलान्सचं एकत्रीकरण झालं आणि २०१५ पासून अपवर्क. सगळे ग्राहक बाहेरचे. माझी अडचण निराळी आहे: इतक्या वर्षांत जे काही बरं केलं ते सगळं गोपनीयतेच्या करारात. नाव सांगायचं नाही, पडदा दाखवायचा नाही. नवीन ग्राहक म्हणतो, काम दाखवा. दाखवू काय, हात?

वरचं वाचून एक करून बघितलं. नाव-गाव काढून नुसती अडचण लिहिली. ती अशी.

लंडनच्या एका कंपनीची बिलं रात्री दीडला आपोआप निघायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ दोनवरून पुन्हा एकवर आणतात. म्हणजे त्या रात्री दीड दोनदा वाजतो. आम्ही लिहिलेलं शेड्यूलर स्थानिक वेळ बघायचं. चारशेच्या वर ग्राहकांना बिल दोनदा गेलं आणि काहींच्या कार्डावरून पैसेही दोनदा. भारतात बसून हे सुचतच नाही हो, आपलं घड्याळ यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, ते बारा महिने तसंच. दुरुस्ती दोन भागांत: सगळ्या वेळा यूटीसीत साठवायच्या, आणि प्रत्येक बिलाला असा क्रमांक द्यायचा की तेच काम दुसऱ्यांदा आलं तर यंत्रणेने मुकाट दुर्लक्ष करावं. पहिला भाग सगळे करतात. मला वाचवलंय ते दुसऱ्याने, नंतर तीनदा.

मार्चमध्ये अजून गंमत. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे तिघांची मीटिंग ठरवणं म्हणजे पत्रिका जुळवणं.

ही गोष्ट लिहून तीन ठिकाणी पाठवली. एकाने लगेच कॉल ठेवला आणि अर्धा तास फक्त ‘दोनदा आलेलं काम कसं ओळखता’ यावर बोलला. आधी दहा वर्षं ‘सहा वर्षांचा पेमेंट सिस्टिमचा अनुभव’ असं लिहीत होतो.

नव्यांसाठी, पोहे_तयार सारख्यांसाठी, पैशांचं थोडक्यात. बाहेरच्या ग्राहकाला दिलेली सेवा जीएसटीत निर्यात धरली जाते, नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी हे हमीपत्र भरा म्हणजे कर न लावता बिल करता येतं. वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही. आयकरात जुन्या, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडीए: मिळकतीचा निम्मा भाग नफा धरून कर भरता येतो, मर्यादा ५० लाख, रोखीचा हिस्सा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५. पैसे आल्याची बँकेची कागदपत्रं त्याच महिन्यात मागून ठेवा, वर्षाने बँक तुम्हाला ओळखत नाही. बाकी सीए.

लाइट आली.

पोहे_तयार · गुरुवार, दुपारी १२:४०

दादा, हे शेवटचं मी कॉपी करून ठेवलं. मनापासून धन्यवाद.

दोन_वार_कापड · शुक्रवार, रात्री ९:५०

मी डेव्हलपर नाही. लक्ष्मी रोडला कापडाचं दुकान आहे, तिसरी पिढी. मुलीने हा धागा पाठवला म्हणून आलो. तुमच्या ओळखी वाचल्या. छान आहेत. आता माझीही ऐका.

साइटसाठी आतापर्यंत तीन जणांना पैसे दिले. पहिला कोथरूडचा मुलगा. चांगला होता, कंपनीत लागला, संपलं. दुसऱ्याने साइट केली, पण साडीचा फोटो उघडायला एवढा वेळ लागायचा की गिऱ्हाईक तोवर दुकानात येऊन गेलं असतं. विचारलं तर म्हणे फोटो मोबाइलवरून सरळ चढवलेत, एकेक सहा एमबीचा. अहो मग तुम्ही सांगायचं ना, मी कापडवाला! तिसऱ्याने सगळं नीट केलं. दिवाळीच्या आधी आठ दिवस पेमेंट अडकलं. फोन केला, उचलत नाही. व्हॉट्सॲप केलं, दोन निळ्या रेघा. वसुबारस गेली, धनत्रयोदशी गेली. पाडव्याला मेसेज आला: ‘हॅपी दिवाली सर’.

तुमच्यापैकी कोण काय भाषा लिहितं ते मला कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. बिघडलेलं सांगितलंत हे आवडलं, आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकानेही कधी सांगितलं नाही. पण दिवाळीच्या आठवड्यात फोन कोण उचलतं, ते कुणीच लिहिलेलं नाही.

चहा_बिनसाखरेचा · शुक्रवार, रात्री ११:२०

काका, खरं सांगते, मी नाही उचलत. त्या आठवड्यात माझ्याकडे फराळ असतो. पण मी ते आधी लिहून देते आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी साइटमध्ये कुठलाही बदल करत नाही, कुणी कितीही मागितला तरी. बंद पडणं बहुतेक वेळा काल कुणीतरी काहीतरी बदलल्यामुळे असतं.

शिळी_पोळी · शुक्रवार, रात्री ११:४५

मी उचलतो, पण माझे ग्राहक दिवाळी करत नाहीत. ते ख्रिसमसला फोन करतात.

टेकडीवरचा · शनिवार, सकाळी ७:०५

दोन वार साहेब, उचलतो. वार्षिक देखभालीत तेच लिहिलेलं असतं: कुठल्या तारखांना किती वेळात उत्तर. त्याचे पैसे वेगळे घेतो आणि ते आधी घेतो. साइट बनवायला सांगितलेल्या पैशांत पुढची पाच वर्षं फोन उचलणं बसवलं की कुठला तरी फोन सुटतोच. हे तुमच्या तिसऱ्याची बाजू घेऊन म्हणत नाही. निळ्या रेघा करून गप्प बसणं वाईटच.

एक काम करा. वर लिहिलंय ते बघा. डोमेन कुणाच्या नावावर आहे?

दोन_वार_कापड · शनिवार, दुपारी ४:१५

मुलीला बघायला सांगितलं. दुकानाच्या नावावर नाही. माझ्या नाही, भाच्याच्याही नाही. दुसऱ्या डेव्हलपरच्या कुठल्या तरी ईमेलवर आहे. तिसऱ्यालाही ते माहीत नव्हतं वाटतं. मुदत पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेपर्यंत.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे, पण सहा वर्षं बोललो नाही. भांडूनच गेला होता.

टेकडीवरचा · शनिवार, दुपारी ४:३२

व्यनि केलाय. त्याला आत्ता फोन करू नका आणि भांडणाचा विषय तर अजिबात काढू नका. त्याला दिलेल्या पैशांची जुनी बिलं, चेकची नोंद, जे असेल ते काढून ठेवा. सोमवारी सकाळी साडेदहाला दुकानात येतो. आधी मी बोलतो त्याच्याशी.

दोन_वार_कापड · शनिवार, दुपारी ४:४०

दुकान अकराला उघडतं. पण या, मी असतो.